माझा शेजारी कोण? बावड्याच्या तळावरच्या नोंदी

(कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या आमच्या चर्चच्या संडेस्कूलच्या मुलांचा प्रकल्प. वही माझ्याकडे असते, त्यामुळं लिहिणंही माझ्याचकडे.)

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा पाठ बायबलातला लूक अध्याय १०, चांगला शोमरोनी. लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या माणसाची, येशूनं सांगितलेली गोष्ट. ही गोष्ट पोरांना इतकी पाठ आहे की मी 'यरुशलेमेहून यरीहोकडे' म्हणेपर्यंत मागच्या बाकावरून 'लुटारू आले' ऐकू येतं. म्हणून गोष्ट सांगितलीच नाही. शास्त्र्यानं येशूला विचारलेला प्रश्न तेवढा फळ्यावर लिहिला, माझा शेजारी कोण? आणि म्हटलं, बायबल मिटा, आपापल्या गल्लीतलं उत्तर द्या.

वरच्या मजल्यावरच्या आजी, दूधवाले मामा, समोरचे पेन्शनर काका अशी नावं आली. मग सहावीतला बारक्या म्हणाला, "बाई, आमच्या परड्यामागं तळ पडलाय की. बीडची माणसं हाईत. ती शेजारी धरायची का?"

कारखाना सुरू झाला की बावड्याभोवतीच्या मोकळ्या रानात ऊसतोड्यांचे तळ पडतात. बांबू, चटई, ताडपत्रीच्या खोपी, पुढ्यात टायरगाड्या, बैल बांधलेले. चार-पाच महिने मुक्काम, मग रान परत रिकामं. टायरगाडीच्या मागून ऊस ओढून खाल्ला नाही असा बावडेकर सापडायचा नाही. गाडीवानाला गाव विचारणारा मात्र शोधावा लागेल.

धरायची, असं ठरलं. लगेच यादी सुरू झाली. ब्लँकेट, जुने कपडे, बिस्किटाचे पुडे. मी थांबवलं. नाताळ जवळ आला की आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत फळवाटप, ब्लँकेटवाटप जोरात असतं. त्यात वाईट काही नाही, पण फोटोत देणारा मधोमध आणि घेणारा कडेला असतो, हे मला फार वर्षं खटकतं. तेव्हा आधी विचारायचं, मग काय ते द्यायचं. फोटो काढायचा नाही. पत्रकं वाटायची नाहीत, उपदेश करायचा नाही. आई-वडिलांची चिठ्ठी आणल्याशिवाय कुणी यायचं नाही, आणि दोन मोठी माणसं बरोबर असल्याशिवाय तळावर पाऊल टाकायचं नाही.

पत्रक नाही म्हटल्यावर चर्चच्या पंच कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी गाठलंच. "मग बाई, आपण जातोय कशाला?" मी त्यांना दाखला परत वाचायला सांगितला. शोमरोन्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं. पण त्याच्याशी तो काय बोलला, हे कुठंच लिहिलेलं नाही. त्याच्या तोंडी जे काही बोलणं आहे ते उतारशाळेवाल्याशी. दोन दिनार हातावर ठेवून म्हणतो, ह्याची काळजी घे, वर खर्च झाला तर परत येताना देईन. म्हणजे हिशेबाचं बोलणं. ज्येष्ठ हसले, "बघा बाई" म्हणून गेले. पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, परवानगी आहे.

२३ नोव्हेंबर

उपासना आटोपून दुपारी तळावर गेलो तर सगळा शुकशुकाट. एक आजी, झोळीत एक बाळ, धुळीत खेळणारी दोन-तीन चिल्लीपिल्ली, आणि त्या सगळ्यांवर लक्ष ठेवणारी दहा वर्षांची एक मुलगी. बाकीचे फडात. पहाटे चारला निघतात. दुपारनंतर गाडी भरली की कारखान्याच्या अड्ड्यात नंबर लावून बसायचं, गाडी खाली होईस्तोवर कधी मध्यरात्र. आमच्या पोरांना वाटलं होतं रविवारी सुट्टी असेल. नवरा-बायको मिळून एक कोयता; हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली, ती टनावर फिटते. खाडा झाला की पैसे कापले जातात. त्यात रविवार कुठला आला?

आजींनी चटई टाकली. आठवीतल्या मुलीनं वही उघडून विचारलं, "आजी, तुम्हाला काय लागतं?" आजी आधी माझ्याकडं बघत राहिल्या. मुकादमानं पाठवलंय का, असंही विचारून झालं. मग बोलायला लागल्या.

कपड्यांचं नाव काढलं तर म्हणाल्या, "कापडं काय करावं बाई? ठिवायचं कुटं? फड बदलला की समदं गाडीवर. गाडीत मावंल तेवढंच आपलं."

बरं, मग काय? तर मोबाइल चार्ज करून द्या. तळावर वीज नाही. टपरीवाला पैसे घेतो आणि फोन तास-दोन तास त्याच्याकडं ठेवायला जीव होत नाही. दोन नातवंडं गावाकडं हंगामी वसतिगृहात आहेत, त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय सुनेला घास जात नाही.

आणि दुसरी गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली. "गाड्यांस्नी मागून ते लाल चमकतं, ते लावा. रातच्याला भ्या वाटतं."

वहीत एवढंच लिहून आलो. पोरं जरा हिरमुसली. ब्लँकेटची यादी खिशातच राहिली.

३० नोव्हेंबर. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार

चार्जिंगची सोय बारक्याच्या ओसरीवर. एक एक्स्टेंशन बोर्ड, भिंतीला एक फळी. संध्याकाळी आजी किंवा ती मुलगी फोन आणून देते, पोरं प्रत्येक फोनला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहितात, सकाळी शाळेला जाताना परत करतात. वीजबिलाचं विचारलं तर बारक्याची आई म्हणाली, "बाई, पोरगं रात्रभर गेम खेळतंय त्याच्यापेक्षा कमीच येईल." दुसऱ्याचा फोन उघडून बघायचा नाही, ही अट पोरांनी स्वतःच घातली. फोन आला तर? उचलायचा नाही, पळत जाऊन द्यायचा. तीन फोनांची रिंगटोन एकच निघाली म्हणे, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिन्ही घेऊन पळापळ.

रेडियमची पट्टी आणायला दोन पालक शाहूपुरीत जाऊन आले. दोन इंची, लाल. पैसे संडेस्कूलच्या दानपेटीतले. त्यातून नाताळच्या टोप्या यायच्या होत्या, त्या यंदा नाहीत. मतदान घेतलं होतं. दोघं विरोधात, तेही टोपीच्या प्रेमापोटी.

७ डिसेंबर

आजची नोंद लांबणार.

गाड्यांच्या मागच्या फळीवर पट्टी चिकटवायची, एवढं सोपं काम समजून गेलो. लाकडावर चिखल आणि उसाच्या रसाचा चिकट थर. पट्टी लावली की दोन मिनिटांत कडेनं उचलायची. पोरांनी ओल्या फडक्यानं पुसलं, मग फळी ओली म्हणून चिकटेना. एका गाडीवान मामांनी कोयत्याच्या पाठीनं फळी खरवडून दिली, वर रॉकेलचा बोळा फिरवला, वाळू दिली. तेव्हा कुठं पट्टी बसली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात फडाकडून एक भरलेली गाडी आली. आठवीतली मुलगी तिच्या मागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्याचा काय उपयोग?" मोळ्या गाडीच्या मागं हातभर, कधी दोन हात बाहेर आलेल्या असतात. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खाली लोंबतं. फळी त्यांच्या आड पूर्ण झाकली जाते. रिकाम्या गाडीला चमकणारी पट्टी आणि भरलेल्या गाडीला अंधार, असला प्रकार. भरलेली गाडीच तर रात्री रस्त्यावर असते.

मग सगळे गाडीभोवती. पट्टी उसालाच गुंडाळू, असं एक जण म्हणाला. अड्ड्यात ऊस उतरला की पट्टीही गेली. बैलांच्या शिंगांना लावू, असं धाकट्यांचं म्हणणं. मागून येणाऱ्या ट्रकला शिंगं कशी दिसणार, ह्यावर बराच वाद. शेवटी गाडीवान मामांनीच बोट दाखवलं. मोळ्या आवळायला जो दोर मागून फिरवतात, तो प्रत्येक फेरीला असतोच. त्याला अडकवता येईल असं काहीतरी करा.

मग पाटी ठरली ती अशी. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा. वीतभर चौकोन. कडा दुमडून ठोकलेल्या, हात कापू नये म्हणून. त्यावर लाल पट्टीच्या दोन आडव्या रेघा, वरच्या बाजूला खिळ्यानं पाडलेलं भोक, त्यात तारेचा आकडा. भरलेली गाडी असेल तर दोराला, रिकामी असेल तर फळीच्या खिळ्याला. पत्रा कापायचं काम मंडळीतल्या वेल्डिंगवाल्या काकांचं, पोरांना कात्री दिली नाही. पाटी उजव्या कडेला टांगायची, कारण मागचं वाहन ओलांडायला उजवीकडनं येतं.

अंधार पडल्यावर काकांनी शिये रस्त्याला मोटरसायकल लांब नेऊन हेडलाइट टाकला. पोरं रस्त्याच्या आत, रानाच्या बांधावर उभी. पाटी पेटल्यासारखी लाल झाली. गाडीवान मामा स्वतः काकांच्या मागं बसून लांब गेले, बघून आले. "दिसतंय की," एवढंच म्हणाले आणि दुसरी पाटी मागितली, भावाच्या गाडीला.

१४ डिसेंबर

तळावर पोचलो तर जवळच्या तालमीची चार पोरं आधीच येऊन उभी. "बाई, इथं काय चाललंय? धर्माचं काय वाटताय का?" सूर चढा होता. मी काही बोलायच्या आत बारक्यानं पिशवी उलटी केली. पत्रे, तारा, रेडियम. आठवीतलीनं वही पुढं केली. त्यांच्यातल्या एकानं पाटी हातात घेऊन उलटसुलट बघितली. त्याच्या चुलत्याची मोटरसायकल मागच्या हंगामात अशाच एका बिनदिव्याच्या ट्रॉलीवर गेली होती, असं त्यानंच सांगितलं. चुलते वाचले, पाय अधू झाला.

पुढं फार ताणलं नाही. गणपतीच्या मांडवाचा उरलेला पत्रा तालमीत पडलाय, तो लागतो का, असं त्यांनी विचारलं. लागतो म्हटलं. ट्रॉल्यांच्या पाट्या ते करणार, टायरगाड्यांच्या आम्ही. वाटणीवरून पोरांत कुरकुर झाली, पाटी 'आमची' ना? ह्या कुरकुरीवर बायबलातला मत्तय ६ काढला. तू दानधर्म करतोस तेव्हा तुझा उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये. बारक्या म्हणाला, "मग तालमीला कसं कळू दिलं?" उत्तर जमलं नाही. पुढच्या वर्गासाठी ठेवलंय.

२१ डिसेंबर

त्या दहा वर्षांच्या मुलीबद्दल पोरं रोज विचारतात. ती शाळेत का येत नाही? चौथीपर्यंत गावात शिकली. अक्षर आमच्यातल्या काहींपेक्षा चांगलं. फोनच्या चिकटपट्ट्यांवर आता नावं तीच लिहिते.

पोरांचा बेत होता की आपणच तिला रविवारी शिकवू. मला तो पटला नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. रविवारचा एक तास म्हणजे शाळा नाही, आणि तो तास दिला की शाळेत न घालण्याचं सगळ्यांनाच निमित्त मिळतं. शाहू महाराजांनी १९१७ साली ह्याच संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. ती शाळा तिची आहे, आपण मधे उभं राहायचं नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवलं की जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. तिचं कार्ड आजींच्या ट्रंकेत तळाला निघालं.

अडचण कार्डाची नाहीच. बाळाला कोण बघणार, ही आहे. आजींना डोळ्यांनी नीट दिसत नाही, चुलीजवळ रांगतं पोर त्यांच्या भरवशावर कसं ठेवायचं?

महिला मंडळातल्या दोघी अंगणवाडी ताईंकडं जाऊन आल्या. मोठ्या चिल्ल्यापिल्ल्यांना ताई घेतील. बाळ फारच लहान, ते नाही. तेव्हा त्या दोघींपैकी जिला जमेल तिनं सकाळी तळावर बसायचं, असं ठरलंय. आठवड्याचे सगळे दिवस जमणार नाही हे आत्ताच दिसतंय.

२५ डिसेंबर

सकाळी उपासना. तळावर कामाचाच दिवस.

संध्याकाळी करंज्या आणि शंकरपाळ्यांचे डबे घेऊन गेलो. शेजाऱ्यांकडं जायचा फराळ तोच, वेगळा केलेला नाही. आजींनी चूल पेटवली, बाजरीच्या भाकरी टाकल्या, तव्यावर मिरचीचा ठेचा. पोरांनी खायचं की नाही, ह्यावर बरोबरच्या एका आईची चुळबुळ चालली होती. पाणी कुठलं, हात कुठं धुतले. मी पहिला तुकडा मोडला. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आलेल्या पाहुण्याला आपण चहा पाजतो तेव्हा तो कपाचा तळ बघतो का? ठेच्यानं बारक्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं अजून मागितला.

बैल गव्हाणीत वाढं खात होते. आमच्या धाकटीनं देवळातली कापूस आणि चांदण्या लावलेली गव्हाणी तेवढी बघितलेली. ती बराच वेळ तिथंच उभी. मग मला येऊन म्हणाली, "बाई, मरियेला टोचलं असेल." वाढ्याच्या पानाला करवतीसारखी धार असते, तिनं बोट कापून घेतलं होतं. हळद लावली.

४ जानेवारी

गुरुवारी एका मावशींच्या पायाला कोयता लागला. नडगीवर, खोल. फडातून तळावर आणलं तेव्हा जखमेवर तंबाखू दाबलेली. आजींनी बारक्याच्या ओसरीवर निरोप धाडला, कारण फोन सगळे तिथं. तिथं आठवीतली मुलगी आणि बारक्या दोघंच होती. तिनं स्वच्छ पाण्यानं जखम धुतली, धुतलेला दुपट्टा घडी करून घट्ट दाबून धरला, आणि बारक्याला वेल्डिंगवाल्या काकांकडं पिटाळलं. रिक्षानं लाइन बाजारच्या सेवा रुग्णालयात. टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन.

तिला हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं. शाळेतल्या स्काउट-गाइडमध्ये म्हणे. आणि मग, "बाई, पट्टी बांधताना काही बोलायचं नसतं हे तुम्हीच सांगितलेलं."

असं मी सांगितलेलं नाही. पण असू दे.

मावशींना टाके निघेपर्यंत बसावं लागणार, म्हणजे अर्धा कोयता बंद. खाड्याचं मुकादम काय करणार ते त्याचं त्यालाच ठाऊक. हा प्रश्न पोरांनी विचारला आणि तो पोरांच्या वहीत मावणारा नाही. पाळकसाहेब आणि तालमीचे एक वडीलधारे मुकादमाशी बोलायला गेले. निम्मं मान्य झालं. हे लिहिताना राग येतो, तेव्हा इथंच थांबते.

११ जानेवारी

पोरांना कंटाळा आलाय. लपवण्यात अर्थ नाही. पाट्या करण्यात मजा होती. रोज संध्याकाळी फोन गोळा करण्यात काय मजा? दोघं आलेच नाहीत, क्रिकेटची मॅच होती.

रागावले नाही. बायबलातली रूथची गोष्ट घेतली. मवाबातली परकी बाई, बेथलेहेमात सातूच्या कापणीच्या वेळी येते, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगून ठेवतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं गळू द्या, आणि तिला बोलू नका. त्यानं धान्याचं पोतं तिच्या डोक्यावर ठेवून भाषण केलं असतं तर? पोरांनी ते भाषण करून दाखवलं, हारतुऱ्यांसकट. हसून हसून पुरेवाट. याकोबाच्या पत्रातलं 'ऊब घ्या, पोटभर खा' असं नुसतं तोंडानं म्हणून निरोप देणारा माणूस, त्याचीही नक्कल झाली. ती जरा आमच्या ओळखीच्या एकांसारखी झाली, नाव लिहीत नाही.

फोनची पाळी लावली. प्रत्येकाला आठवड्यातून एकच संध्याकाळ. मॅचवाल्यांना शनिवार.

१ फेब्रुवारी

फड बदलला. टोळी दोन दिवसांत वडणग्याच्या बाजूला गेली. आजी म्हणाल्या होत्या तसंच, गाडीत मावलं तेवढं गेलं. एक्स्टेंशन बोर्ड आम्ही देऊ केला होता. नव्या तळाजवळ वीज असलेलं घर नाही म्हणून त्यांनी नेला नाही.

मुलगी त्या बाजूच्या शाळेत जाईल का, माहीत नाही. कार्ड मात्र आता ट्रंकेत वर आहे, आजींनी दाखवलं. इथल्या शाळेत गेली ते दिवस मोजके, पण हजेरीत नाव लागलं. बाळाचा प्रश्न जिथल्या तिथं.

तळाच्या जागेवर एक पाटी पडलेली सापडली. पोरांना वाईट वाटलं. बघितलं तर तारेचा आकडा तुटलेला. खिळ्यानं पाडलेल्या भोकाच्या कडा धारदार राहतात आणि हादऱ्यानं तार कापली जाते.

१५ फेब्रुवारी

हिशेब मंडळीपुढं वाचला. रेडियम, तार, रिक्षा, एक्स्टेंशन बोर्ड. पत्रा फुकट, मजुरी फुकट. थोडे पैसे शिल्लक. टोप्या आणायच्या का, असं ज्येष्ठांनी मिश्कीलपणे विचारलं. पोरांनी पुन्हा मतदान घेतलं, ह्या वेळी विरोधात कुणी नाही आणि बाजूनंही कुणी नाही. पैसे पेटीत ठेवले.

मुकादमाचा फोन आला होता. दुसऱ्या टोळीलाही पाट्या पाहिजेत, पैसे देतो म्हणाला. द्यायचे असतील तर त्या मावशींच्या खाड्यात वळते करा, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. तो हो म्हणालाय. पाट्या आधी द्यायच्या की नंतर, ह्यावर वर्गात दोन तट पडले. आठवीतली मुलगी म्हणाली, गाडीवानानं काय केलंय? आधी द्यायच्या.

नव्या पाट्यांना भोक खिळ्यानं पाडायचं नाही. काकांकडचं ड्रिल, आणि भोकात रबरी वॉशर. पत्रा तालमीतून शनिवारी.